झाडाखालची जागा

पार्किंगची जागा माणसाला काय काय करायला लावते, हे ज्याने रोज सकाळी ऑफिसच्या आवारात गाडी घेऊन घिरट्या घातल्यात त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी उगाच हसू नये.

ते आवार म्हणजे कचेऱ्यांचं एक गावच होतं. चारी बाजूंना काचेच्या उंच इमारती, मधे पटांगण, आणि पटांगणात मुंगीला शिरायला जागा नाही इतक्या गाड्या. जरा उशीर झाला की पार मागच्या कुंपणाशी, कचऱ्याच्या पिंपांशेजारी गाडी लावायची आणि तिथून इमारतीपर्यंत घाम पुसत यायचं. संध्याकाळी उन्हात तापलेल्या स्टिअरिंगला हात लावला की भल्याभल्यांच्या तोंडून नको ते शब्द निघायचे. सबंध आवारात जागा म्हणावी अशी एकच होती. मुख्य दाराच्या समोर, भल्या मोठ्या झाडाखाली, दिवसभर गार सावलीत.

तिथे वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांची गाडी असे. पाटीबिटी काही नव्हती, पण साहेबांच्या धाकाने दुसरं कुणी तिथे चाक टेकवत नसे. मग साहेबांची बदली झाली आणि जागा मोकळी झाली. जो आधी येईल त्याची. झालं! विमा कंपनीतले दावेकाका आणि त्यांच्याच इमारतीतल्या तपासनीसबाई यांच्यात जुंपली.

दावेकाकांचं काम गाड्यांच्या अपघातांचे दावे निकालात काढायचं. कुणी कुणाला ठोकलं, चूक कुणाची, दार चेपलंय ते आत्ताचं की आधीचंच, हे नुसते फोटो बघून ओळखण्यात त्यांचा हातखंडा. म्हणून सगळे त्यांना दावेकाका म्हणत, त्यांचे साहेबसुद्धा. तपासनीसबाई हिशेब तपासायच्या, आणि त्यांचं सगळं घड्याळाच्या काट्यावर. काका लवकर निघाले की बाई त्याहून लवकर. एकदा काका चहासुद्धा न घेता तसेच निघाले, तरी झाडाखाली बाईंची गाडी हजर, आणि बाई काचेआडून हात हलवतायत. तो हात बघून काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि एके दिवशी बाई रजेवर गेल्या.

काकांनी गाडी झाडाखाली लावली, उतरले, मागे सरकून डोळे भरून बघितली. जन्माचं सार्थक झालं. दिवसभर काही ना काही निमित्त काढून ते खिडकीशी जात होते आणि गाडी बघून येत होते. संध्याकाळी किल्ली फिरवत खाली उतरले, दाराला हात घातला आणि तिथेच थबकले. गाडी काढली की जागा गेली. उद्या बाई येणार. म्हणजे पुन्हा कचऱ्याची पिंपं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं ते जाऊ द्या. काकांनी डिकीतून गाडीवर घालायचं राखाडी कापड काढलं, गाडी अंगभर झाकली, कडा नीट खोचल्या, आणि बसने घरी गेले.

"गाडीचा आवाज नाही आला तो?" काकूंनी दार उघडत विचारलं.

"गॅरेजमध्ये टाकलीय," काकांच्या तोंडून निघून गेलं. "कसला तरी आवाज येत होता तिच्यातून."

खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे काकांचे कान लाल झाले. पण काकूंचं लक्ष कानांकडे नव्हतंच. त्यांचा चेहरा असा काही खुलला की काका बघतच राहिले. काकू चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायच्या. दुकान काकांच्या आवाराच्या फाटकाबाहेरच, कोपऱ्यावर. नदीच्या कडेने, पुलावरून, बेकरीवरून अशा त्या रोज चालत जायच्या. "अहो, एकदा तरी चला माझ्याबरोबर," असं सांगून सांगून त्यांनी शेवटी नाद सोडला होता, कारण काकांना जागा पकडायची घाई असायची.

"मग उद्या माझ्याबरोबर!" काकू म्हणाल्या. "आणि वाटेत कुरकुर केलीत तर तिथेच सोडून जाईन, सांगून ठेवते."

पहिल्याच दिवशी पुलाच्या चढावर काकांची जीभ बाहेर आली.

"अगं, जरा दमानं! पाठीशी कुत्रं लागलंय का?"

"अहो, तुमच्यासाठी हळूच चाललेय मी."

काकांनी कुरकुर केली, भरपूर केली. बूट चावला, पोटऱ्या दुखल्या, ऊन लागलं. चालताना नजर सवयीने कडेच्या गाड्यांवरच. ही मागून ठोकलीय, ही भिंतीला घासलीय, हिच्या मालकाने रंग काढून चेपलेलं लपवलंय. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता माणसं बघा." मग त्या माणसं दाखवायच्या. काकू सगळी वाट डोळ्यांच्या नंबरांवरून ओळखत होत्या. बेकरीवाल्याचा डावा डोळा अधू, म्हणून त्याचे पाव एका बाजूला जाड. पुलावर रोज भेटणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना लांबचं लख्ख दिसतं आणि जवळचं काही नाही, म्हणून त्या अनोळखी माणसालाही लांबूनच हात करतात आणि जवळ आल्यावर तोंड फिरवतात. बसवाली ताई चष्मा असून घालत नाही, कारण तिला वाटतं चष्म्यात ती मोठ्या बहिणीसारखी दिसते.

"आणि ती बस चालवते?" काका किंचाळले.

"तिला वाचायचा चष्मा आहे हो. घाबरता काय!"

काका रस्त्यात उभे राहून हसले. घरात इतक्या वर्षांत असं हसणं झालं नव्हतं. घरात काय, सिलिंडर संपला, नळ गळतोय, लेकीचा फोन आला का, एवढंच बोलणं. वाटेवर काकू वेगळ्याच निघाल्या. गुणगुणायच्या, लोकांच्या नकला करायच्या, मधेच काकांच्या दंडाला धरून "ते बघा, ते बघा" म्हणायच्या. काकांना आपली बायको नव्याने आवडायला लागली. या वयात, आणि तेही सकाळी सकाळी! संध्याकाळी ते काम आटपून काकूंच्या दुकानाशी जाऊन थांबायला लागले. बसमध्ये जागा मिळाली तर शेजारी, नाही मिळाली तर एकाच दांड्याला लटकून दोघं घरी यायची.

मधूनमधून काकू विचारायच्या, "अहो, गॅरेजवाला काय म्हणतो?"

"पार्ट मिळत नाहीये."

"इतके दिवस?"

"जुनं मॉडेल ना."

तेवढ्यापुरती काकांना गाडी आठवायची. मग बेकरी यायची आणि ते विसरून जायचे.

इकडे झाडाखाली निराळीच गंमत झाली. वॉचमनला वाटलं, ही झाकलेली गाडी मोठ्या साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांची. तो येता-जाता कापडाला सलाम ठोकायचा. नवे साहेब अजून आलेच नव्हते, पण हे वॉचमनला कोण सांगणार? तपासनीसबाई रजेवरून परतल्या तर जागा गेलेली. त्या दुसऱ्या दिवशी लवकर आल्या. तिसऱ्या दिवशी त्याहून लवकर. मग तर रस्ते झाडणारे यायच्या आधी येऊन बघितलं, तरी गाडी जशीच्या तशी.

"हे नवे साहेब घरी जातात की नाही?" बाईंनी एकदा लिफ्टमध्ये काकांना विचारलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती बिचारीच्या. "मी तर हात टेकले. सोमवारपासून भाचीची सायकल घेऊन येणार. निदान झोप तरी होईल."

काकांनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत "छान, छान" म्हटलं. आणि खरंच पुढच्या सोमवारी बाई सायकलवरून आल्या. पहिले काही दिवस लटपटत, मग घंटी वाजवत. महिनाभरात त्यांच्या गालांवर रंग आला, आणि त्या लिफ्टऐवजी जिन्याने वर जायला लागल्या. काकांना ते बघून बरंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं. आपल्या लबाडीने दुसऱ्याचं भलं व्हावं, हे काही त्यांच्या दाव्यांच्या नियमांत बसत नव्हतं.

त्यातच आवारातल्या सगळ्या कचेऱ्यांच्या मंडळाने मोहीम काढली. गाडी घरी ठेवा. चालत या, सायकलने या, बसने या. मोहीम सांभाळायला एक उत्साही मुलगी नेमली. सगळे तिला मोहीमवाली म्हणत. ती नारिंगी टोपी घालून फाटकाशी उभी राहायची आणि पायी येणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवायची. लोक आधी ओशाळले, मग चेकाळले. कुणी तिच्यासमोर उडी मारून फाटकातून आत यायचं, कुणी सायकलवर हात सोडून. बसवाली ताई थांब्यावर हॉर्न देऊन माणसं उतरवायला लागली. पटांगणात गाड्या हळूहळू विरळ झाल्या आणि जेवणाच्या सुट्टीत लोक तिथे शतपावली करायला लागले. खोटं कशाला सांगू, आवाराला कळा आली.

आणि मोहीम संपताना मोहीमवाली धावत काकांच्या टेबलाशी आली.

"काका, पहिला नंबर तुमचा! मोहीम चालू झाल्यापासून तुमची गाडी एकदाही फाटकातून आत आलेली नाही. एकदाही! बक्षीस गुपित आहे, पण तुम्ही खूश व्हाल. काकूंनाही घेऊन या, मी सांगून आलेय त्यांना दुकानात."

काकांची पाचावर धारण बसली. गाडी फाटकातून आत आली नव्हती हे खरं, कारण ती बाहेरच गेली नव्हती.

त्यांनी ठरवलं, घरी जाताच सांगून टाकायचं. पण काकू फोनवर होत्या. आधी नणंदेला, मग लेकीला, मग थेट विहिणबाईंना. "अहो, आमच्या ह्यांनी गाडी कायमची सोडली की! पार्टची वाट बघत होते, पण आता नावच काढत नाहीत. हो, माझ्याबरोबर चालायला मिळतं म्हणून. नाही हो, ह्यांनी नाही सांगितलं, पण कळतं ना आपल्याला." आणि काकू लाजल्या. काकांनी बायकोला फोनवर लाजताना बघितलं आणि त्यांचा धीरच सुटला. बक्षीस गेलं खड्ड्यात, ऑफिसात हसं झालं तरी चालेल. पण हिला कळलं की सगळं पार्किंगसाठी होतं, तर उद्यापासून ही एकटी जाईल. एवढ्या एका भीतीने त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

समारंभ पटांगणातच ठेवला होता, सकाळी. खुर्च्या नेमक्या झाडाकडे तोंड करून मांडलेल्या. झाडाखाली ती राखाडी झाकलेली गाडी, आणि तिच्या शेजारी एका खांबावर छोटंसं रुमालाएवढं कापड बांधलेलं. काकांना काही उमगेना. काकू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी तपासनीसबाई.

"ही गाडी काढायला सांगितली होती ना?" मंडळाचे अध्यक्ष मोहीमवालीच्या कानाशी पुटपुटले.

"रोज सांगतेय सर. वॉचमन म्हणतो, साहेबांना कोण सांगणार?"

साहेबांचं नाव निघताच अध्यक्षही गप्प झाले. मग त्यांनी भाषण केलं आणि गुपित फोडलं. पहिल्या विजेत्याला वर्षभरासाठी आवारातली सगळ्यात उत्तम जागा, झाडाखालची पार्किंगची जागा, राखीव!

आता चालत येणाऱ्याला पार्किंग कशाला, असं तुम्ही विचाराल. मंडळावरचे झाडून सगळे गाडीने येणारे. त्यांना याहून मोठं बक्षीस सुचणार तरी कुठून?

"पाटीचं अनावरण पाहुण्यांच्या हस्ते," अध्यक्ष म्हणाले.

पाहुणे वाहतूक खात्यातले जुने अधिकारी होते, आणि चष्मा त्यांनी खिशात ठेवला होता, फोटोसाठी. ते उठले, डोळे बारीक करून पुढे गेले, आणि समोर जे सगळ्यात मोठं कापड दिसलं त्याचं टोक धरून त्यांनी एका झटक्यात ओढलं.

टाळ्या वाजल्या. मग थांबल्या.

कापडाखालून निळी गाडी निघाली. मागच्या काचेशी काकूंनी स्वतः शिवलेली फुलाफुलांची उशी. काकू अर्धवट उठल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं, "ही तर आपली गाडी!"

वॉचमनचा सलामाला गेलेला हात कपाळाशीच राहिला. काका उभे राहिले. माईक नको नको म्हणत असताना मोहीमवालीने हातात दिलाच. त्यांना वाटलं होतं की बोबडी वळेल, पण बोलायला लागल्यावर सगळं घडाघडा बाहेर आलं.

"गाडी माझी आहे. जागा जाऊ नये म्हणून मी ती इथून हलवलीच नाही. घरी सांगितलं, गॅरेजात आहे. बक्षीस मला नको. चूक सर्वस्वी गाडीमालकाची."

मग तपासनीसबाईंचा आवाज आला.

"म्हणजे मी पहाटे उठून, कोंबड्यासारखी, एका कापडाशी शर्यत लावत होते?"

आणि बाई हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळं आवार हसलं. पाहुण्यांनी चष्मा लावून गाडी बघितली आणि तेही हसले. मोहीमवाली म्हणाली, नियमाप्रमाणे काका चालतच आलेत, बक्षीस त्यांचंच. अध्यक्षांनीही लगेच मान डोलावली, कारण पाटी रंगवून तयार होती.

काकूही हसल्या. पण सगळ्यांच्या आधी त्या थांबल्या, पर्स उचलली, आणि दुकान उघडायची वेळ झाली असं म्हणून निघून गेल्या.

गाडी अर्थातच सुरू होईना. इतके दिवस उभी राहून बॅटरीने मान टाकली होती. मग तपासनीसबाई, मोहीमवाली, वॉचमन आणि निम्मी विमा कंपनी अशा सगळ्यांनी "हैय्या" म्हणत ती ढकलत फाटकापर्यंत नेली. लोकांना काय, जत्राच मिळाली. संध्याकाळी मेकॅनिकने बॅटरी बदलली. काका दुकानाशी गेले, पण काकू आधीच बसने गेल्या होत्या. काका एकटेच गाडी चालवत घरी आले. लाल दिव्याशी थांबलं की शेजारच्या सीटकडे बघत होते.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"विहिणबाईंना काय सांगू आता मी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यासाठी येताय. तुम्ही झाडासाठी येत होता."

"पहिले काही दिवस झाडासाठी," काका म्हणाले. "मग गाडी विसरायला झालं. खरं सांगतो. तू गॅरेजचं विचारलंस की आठवायची, नाही तर नाही."

"मग सांगायचं की नाही?"

"तू एकटी जाशील म्हणून नाही सांगितलं."

काकूंनी एक शर्ट घडी करून पुन्हा उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघा. गाडी आता दारात आहे. जागा वर्षभर राखीव आहे, तीही सावलीतली. तुम्हाला चालायला आता काही निमित्त उरलेलं नाही. उद्या मी माझ्या वेळेला निघणार आहे. बोलावणार नाही आणि थांबणारही नाही."

काकांनी घडी घातलेले कपडे उचलून कपाटात ठेवले.

सकाळी काकू जिना उतरून खाली आल्या तेव्हा काका इमारतीच्या दाराशी उभे होते. पायात बूट, हातात डबा. शेजारीच निळी गाडी, धुऊन पुसून लख्ख.

"किल्ली?" काकूंनी विचारलं.

"वर आहे. खिळ्याला."

"आणि ती जागा?"

"तपासनीसबाईंना फोन केला. म्हटलं, सायकल लावा तिथे, तुमच्या सगळ्यांच्या लावा. पहाटे उठायची गरज नाही. त्या म्हणाल्या, झोपेतून उठवून हेच सांगायचं होतं का?"

काकूंना हसू फुटणार होतं, ते त्यांनी ओठ मिटून अडवलं. "मग तुम्ही आता कशासाठी येताय?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. जन्म गेला होता त्यांचा कारणं शोधण्यात.

"तू निघालीस म्हणून," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतात तसं, आणि खांद्यावरची पिशवी उतरवून त्यांच्या हातात दिली.

"धरा मग. आणि बोलत चला. कालपासून बोलायला कुणी नव्हतं मला."